वय ४१, नाशिक. हायब्रीड सायकल घेतली आहे. आता जीपीएस कॉम्प्युटर घेऊ, पॉवर मीटर (पायाचा जोर मोजणारं यंत्र) घेऊ की ट्रेनर (घरात एका जागी सायकल चालवायचा स्टँड)?

तुम्ही लिहिलंय की सायकल येऊन तीन आठवडे झाले, रोज सकाळी गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत जाऊन येता, २० हजार बाजूला काढून ठेवलेत आणि त्यात कुठलं गॅजेट घ्यावं. शिवाय सर्व्हिसिंग घरी जमेल का हे पण विचारलंय. तर पहिले पंप घ्या. हसू नका, मी सिरियसली सांगतोय, उभा राहून दोन्ही हातांनी दाबायचा, गेजवाला फ्लोअर पंप. मग चेनचं तेल, एलन कीचा (षटकोनी चाव्यांचा) सेट, दोन जास्तीच्या ट्यूब, पंक्चरचं सामान आणि मागचा लाल लाईट. एवढं सगळं घेऊन पण २० मधले बरेच उरतात.

मी सिडकोत राहतो, अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर कामच मोजमापाचं, त्यामुळे गॅजेटचा किडा मला तुमच्यापेक्षा आधी चावला होता, नऊ वर्षं झाली, आणि जवळपास सगळ्या चुका करून झाल्यात म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधी हवा. सायकलच्या ट्यूबमधून हवा आपोआप कमी होते, पंक्चर नसलं तरी. आपल्याला काही कळत नाही, फक्त सायकल जड लागते आणि आपण म्हणतो आज अंगात दमच नाही. मग माणूस चौकातल्या दुकानात जातो, तिथे कॉम्प्रेसरने टायर दगडासारखा टाईट करून देतात, की खड्ड्यातून गेलं की मनगटापर्यंत हादरा. टायरच्या कडेला जो आकडा छापलेला असतो ना तो जास्तीत जास्तचा असतो, तेवढी भरायचीच असं नाही. माझं वजन ७८, टायर ७०० बाय ३२ (म्हणजे ३२ मिमी रुंद), मी मागे ६५ आणि पुढे ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवतो, पावसाळ्यात अजून पाच कमी. तुमचा टायर ३५ चा असेल तर ५५ पासून सुरू करा आणि स्वतःच्या बुडाला विचारत कमीजास्त करा. सिंहस्थाच्या कामांमुळे आपल्याकडे आज आहे तो रस्ता उद्या असेलच असं नाही, त्यात हे पाच-दहा पीएसआय फार कामाला येतात. आणि वॉल्व्ह कुठला आहे ते बघून घ्या, बारीक प्रेस्टा असेल तर पेट्रोल पंपावरचं नोझल बसत नाही, त्याला एक छोटा पितळी अडॅप्टर मिळतो तो पाऊचमध्ये टाकून ठेवा.

पंक्चर तर होणारच. गिरणारेकडे गेलात तर बाभळीचा काटा, हायवेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा, आमच्या अंबड-सातपूरला लेथवरची लोखंडाची चिप. ट्यूब बदलायला यूट्यूबवरून एका दुपारी शिकता येतं पण एक गोष्ट लोक विसरतात, ट्यूबला भोक कुठे पडलंय ते सापडल्यावर टायरमध्ये त्याच जागी आतून कापूस फिरवायचा. काटा राहिलेला असेल तर कापूस अडकतो. बोट फिरवाल तर बोटातच घुसेल. आणि टायर चढवताना कंपनीचं नाव वॉल्व्हच्या अगदी शेजारी येईल असं चढवा, म्हणजे पुढच्या वेळी ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधली जागा लगेच सापडते.

आता चेन. इथे मी माझा गाढवपणा सांगतो. दोन वर्षं मी चेनला फक्त तेल पाजत होतो, पुसत नव्हतो, मला वाटायचं काळी चेन म्हणजे भरपूर वापरलेली सायकल. मग एकदा बदलायची म्हणून फक्त चेन नवीन टाकली, मागचा दात्यांचा सेट जुनाच, आणि दुसऱ्याच रविवारी पेठ रोडला सावळ घाटात उभं राहून पायडल मारलं तर चेन दात्यांवरून सटकली, गुडघा सरळ हँडलवर. पंधरा दिवस लंगडत शिफ्टला गेलो, लोक विचारायचे सायकलवरून पडला का, आणि पडलो पण नव्हतो. नंतर सेट पण बदलावा लागला, तो चेनपेक्षा महाग.

झालं असं होतं की चेन 'वाढते' असं आपण म्हणतो पण लोखंड काही ताणलं जात नाही, आतल्या पिना आणि त्यांच्या भोवतीचे भाग घासतात, प्रत्येक लिंकमध्ये किंचित जागा होते आणि सगळी मिळून लांबी वाढते. त्या वाढलेल्या चेनप्रमाणे दाते पण घासत जातात, मग नवीन चेन जुन्या दात्यांवर बसत नाही. मोजायला चेन गेज मिळतं, स्वस्त असतं, पण स्टीलची पट्टी असली तरी भागतं. पिनच्या मध्यापासून २४ लिंक मोजा (आतली एक, बाहेरची एक अशी धरून), नवीन चेन बरोबर १२ इंच म्हणजे ३०४.८ मिमी भरते. दीड मिमी वाढली म्हणजे अर्धा टक्का, मागे ११-१२ स्पीड (म्हणजे तेवढी दात्यांची चक्रं) असेल तर तेव्हाच बदलायची, ७-८-९ स्पीडला सव्वादोन मिमीपर्यंत चालतं. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजतो आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहितो, बायकोला आता याचं काही वाटत नाही.

तेलाचं म्हणाल तर चेन आधी फडक्याने पुसायची, जास्त घाण असेल तर डिग्रीझर आणि जुना टूथब्रश, पूर्ण वाळू द्यायची, मग प्रत्येक रोलरवर आतल्या बाजूने एकच थेंब, पायडल उलटं फिरवायचं, दहा मिनिटं थांबायचं आणि बाहेरचं सगळं तेल पुन्हा पुसून टाकायचं. तेल आत पाहिजे, बाहेर राहिलं तर त्यावर माती बसते आणि त्याचाच घासपेपर होतो. इंजिन ऑइल नको, ग्रीस तर अजिबात नको. निळ्या डब्यातलं डब्ल्यूडी फॉर्टी म्हणजे चेनचं तेल असा खूप लोकांचा समज आहे, त्यातलं डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, पाणी हटवायचं रसायन, पावसातून आल्यावर मारलं तर ठीक पण ते टिकत नाही, वर खरं तेल घालावंच लागतं. आणि डिस्क ब्रेक असेल तर तो स्प्रे चाकाच्या आसपास सुद्धा नको, एक फवारा डिस्कवर गेला की ब्रेक किंचाळतो आणि लागत पण नाही. हे मला कसं माहीत हे विचारू नका, पांडवलेणीजवळच्या उतारावर कळलं आणि नवीन पॅड टाकावे लागले.

बाकी घरी किती करायचं? ब्रेक आणि गिअरची केबल, सीटची उंची, एवढं शिका. सीटचं सोपं, टाच पायडलवर ठेवून पायडल खाली नेलं की गुडघा सरळ व्हायला पाहिजे. चाकाचा आउट काढणं (डुगडुगणारं चाक सरळ करणं) आणि छर्रे-ग्रीसचं काम मात्र जुन्या मिस्त्रीकडे द्या. आमच्या इकडे एक काका आहेत, ते पूर्ण सर्व्हिसिंगला अजून ओव्हरऑइलिंग म्हणतात, पण स्पोकला नुसतं बोट लावून आवाजावरून सांगतात कुठली ढिली आहे. वर्षातून एकदा, पाऊस संपला की दिवाळीच्या आधी.

आता तुमचा खरा प्रश्न, गॅजेट. जीपीएस कॉम्प्युटरऐवजी सुरुवातीला फोनवर स्ट्रावा (राईड नोंदवणारं ॲप) पुरेसं आहे, फोन खिशात, स्क्रीनकडे बघायचं नाही. मी पहिल्या वर्षी ॲव्हरेज स्पीडच्या मागे लागलो होतो आणि त्र्यंबक रोडने माझं पार डोकं फिरवलं. पपया नर्सरीपासून निघालं की महिरावणी, अंजनेरी करत त्र्यंबकेश्वरपर्यंत रस्ता हळूहळू चढतच जातो, डोळ्यांना सपाट दिसतो पण चढ आहे, त्यात पावसाळ्यात वारा पश्चिमेचा म्हणजे जाताना तोंडावर. जाताना १६-१७ ची स्पीड, माणूस म्हणतो आपण म्हातारे झालो, आणि येताना तोच माणूस ३० च्या पुढे, वाटतं आता महाजन बंधूंनंतर आपलाच नंबर. (नवीन असाल तर सांगतो, आपल्या नाशिकच्या या दोघा डॉक्टर भावांनी २०१५ ला रेस अॅक्रॉस अमेरिका ही अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत टीम म्हणून पूर्ण केली, जवळपास ४८०० किमी, नऊ दिवसांच्या आत.) नंतर एका मित्राची पॉवर मीटरवाली सायकल एक दिवस चालवायला मिळाली तेव्हा दिसलं की जाताना पण १३० वॅट आणि येताना पण साधारण तेवढेच. मी तोच होतो, वारा आणि उतार बदलला होता. पॉवर मीटरची गंमत ती, तो क्रँकवर (पायडलच्या दांड्यावर) किंवा पायडलवर किती जोर पडतोय आणि किती वेगाने फिरतंय हे मोजतो, त्याला वाऱ्याशी देणंघेणं नाही.

पण तरी तुम्ही तो घेऊ नका, आत्ता तरी. स्वस्तातले बरेच फक्त डावा पाय मोजतात आणि दुप्पट करून दाखवतात, निघायच्या आधी झिरो सेट करायला लागतो, आणि मुख्य म्हणजे त्या आकड्याचं करायचं काय हे कळायला आधी २० मिनिटं जीव तोडून टेस्ट द्यावी लागते, त्याच्या ९५ टक्के म्हणजे तुमचा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल तेवढा जोर) धरतात. तीन आठवड्यांच्या सायकलिंगवर ही टेस्ट दिली तर आकडा दोन महिन्यांत शिळा होईल.

एकच गॅजेट घ्यायचं तर छातीचा हार्ट रेट पट्टा. घड्याळाचा मनगटावरचा सेन्सर हँडल घट्ट पकडल्यावर आणि डिसेंबरच्या थंडीत काहीही दाखवतो, छातीचा पट्टा ईसीजीसारखा विजेचा सिग्नल वाचतो. पण जास्तीत जास्त ठोके काढायचा तो २२० वजा वयाचा फॉर्म्युला दगडावरची रेघ समजू नका. माझ्या वयाला १७३ येतात आणि मी अंजनेरीच्या चढाला १८४ बघितलेत, धडधाकट आहे. (वय चाळीशीच्या पुढे आहे, बीपी-शुगर किंवा घरात हार्टचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून घ्या.) पट्ट्याने मला एवढंच शिकवलं की मी रोजच जोरात मारत होतो. आठवड्यातले बहुतेक दिवस इतकं हळू चालवायचं की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, जोर फक्त एक किंवा दोन दिवस. ते करायला लागल्यावर सहा महिन्यांत २०० किमीची बीआरएम (ठराविक मुदतीत पूर्ण करायची लांब राईड) साडेतेरा तासांच्या मुदतीत निघाली, पूर्वी शंभरातच पायात गोळे यायचे.

केडन्स सेन्सर (पायडलचे मिनिटाला फेरे मोजणारा) पण चालेल, स्वस्त असतो. आपण नवीन लोक जड गिअर टाकून मिनिटाला ५५-६० फेरे मारतो आणि मग गुडघे दुखले म्हणून तेल चोळत बसतो. ८० च्या वर फिरवायची सवय लावा, हलका गिअर टाकायची लाज वाटून घेऊ नका. आणि ग्रुपमध्ये कुणी दोन किलो हलक्या सायकलसाठी पैसे घालायला सांगितलं तर सायकल धरून ९२ किलोच्या माझ्यासारख्याला अर्ध्या तासाच्या घाटात त्याने ४० एक सेकंद वाचतात, बाकी हिशोब तुम्ही करा.

ट्रेनरचं म्हणाल तर मी मागचं चाक दाबून बसणारा सेकंडहँड घेतला होता. टायर घासून फरशीवर काळी पूड, खालच्या फ्लॅटमधल्या काकू दोनदा वर आल्या, आणि पंखा लावलेला नसल्यामुळे घाम गळून हँडलच्या बोल्टना गंज, ते खोलताना एक तुटलाच. पावसाळा संपला तसा विकून टाकला. तुमचं घर तळमजल्याला असेल आणि पंखा लावून बसणार असाल तर बघा, नाहीतर मडगार्ड लावून पावसातच फिरा, जुलैत गंगापूर धरणाकडचा रस्ता ट्रेनरवर बघायला मिळणार नाही.

आणि एक, तुम्ही लिहिलंय की रविवारी लांब राईड मारून जिथे वळतो तिथेच मिसळ खातो. तसं करू नका भाऊ. मिसळ परत आल्यावर, घरापासून दोन किमीवर खा. तर्री पोटात घेऊन वीस किमी वाऱ्याच्या विरुद्ध मी एकदा आलोय, दिंडोरी रोडला.