घर विकून कायमचं आरव्हीत (चाकांवरच्या घरात) राहायचं ठरवतोय. पुन्हा लॉकडाऊन लागला तर अमेरिकेत आम्हाला राहू कुठे देतील?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की मुलं मार्गी लागली, घर विकायला काढलंय, आणि मेहुणे म्हणतायत 'करोनात अशा लोकांना कुत्र्यासारखं हाकलत होते'. मी एरवी वाचून पुढे जाते. पण त्या मेहुण्यांच्या जागी मला आमचा दादा दिसला, म्हणून लिहायला बसले.

आधी सरळ उत्तर. हो, हाकलत होते. पण आरव्हीत राहता म्हणून नाही, 'बाहेरगावचे' म्हणून. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात माणसाचे दोनच प्रकार होते: घर असलेला आणि बेघर. 16 मार्च 2020 ला सॅन फ्रान्सिस्को आणि आजूबाजूच्या काउंटींनी (म्हणजे जिल्ह्यांनी) घरात राहायचा आदेश काढला, त्यात घर म्हणजे काय तेही लिहिलं होतं. हॉटेल, मोटेल, वाटून घेतलेल्या भाड्याच्या जागा 'आणि तत्सम'. आम्ही त्या 'तत्सम'मध्ये. राज्याराज्याचा कायदा वेगळा, त्यात काउंटीचा आणखी वेगळा. आरव्ही कुठल्या खान्यात टाकायची हे बऱ्याचदा दारावर टकटक करणारा माणूस ठरवायचा.

आता आमचं सांगते. 2009 ची 34 फुटी फिफ्थ व्हील (गाडीला जोडून ओढायचं घर), ओढायला डिझेल पिकअप. मी, नवरा, आणि डिसेंबरात साताऱ्याहून आलेली माझी आई, वय 78. आईचं परतीचं तिकीट मार्चअखेरचं होतं. हिवाळा आम्ही ॲरिझोनात क्वार्टझसाइटला काढला. तिथे सरकारी वाळवंटात तेव्हा 180 डॉलरच्या परवान्यावर 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहता यायचं. आईला जायच्या आधी युटाचे लाल डोंगर दाखवावेत म्हणून मार्चच्या मध्याला मोआबला गेलो आणि तिथेच सापडलो. 17 मार्चच्या रात्री 10 पासून तिथल्या आरोग्य विभागानं बाहेरच्यांना राहायची बंदी केली. हॉटेल नाही, कॅम्पग्राउंड नाही, सरकारी मोकळ्या जमिनीवर तंबूसुद्धा नाही.

तेव्हा मी चिडले होते. आज म्हणते, बरोबर केलं त्यांनी. गावातलं हॉस्पिटल 17 खाटांचं, आयसीयू नाही, आणि वसंतात हजारो लोक येतात. माझी आईच तिथे आजारी पडली असती तर?

आम्ही दुपारीच गाडीचे टेकूचे जॅक उचलले आणि निघालो. दक्षिणेचा रस्ता नवाहो या मूळनिवासी लोकांच्या प्रदेशातून जातो. पुढे तिथे फार वाईट साथ आली, पहिला रुग्ण त्याच दिवशी जाहीर झाला होता. डिझेल भरण्यापुरते उतरलो, कशाला हात लावला नाही. रात्र फ्लॅगस्टाफच्या पुढे ट्रकस्टॉपवर काढली आणि परत क्वार्टझसाइट. परवाना होता म्हणून 15 एप्रिलपर्यंत कुणी बोट लावू शकत नव्हतं. एवढ्याशा कागदाची काय किंमत असते ते त्या महिन्यात कळलं.

शेजारी कॅनडाचं एक म्हातारं जोडपं होतं. सीमा बंद होणार आणि आरोग्य विम्याचा प्रश्न येणार म्हणून ते एका सकाळी निघाले. जाताना टॉयलेट पेपरचे अकरा रोल आणि अर्धा भरलेला गॅसचा सिलिंडर आमच्या पायरीवर ठेवून गेले. दुकानात तेव्हा त्या रोलसाठी लोक भांडत होते.

22 मार्चपासून भारतानं विमानं बंद केली आणि आई आमच्याकडे अडकली. 25 ला पाडवा. ऑनिंगच्या (गाडीबाहेरच्या कापडी छपराच्या) खांबाला काठी बांधली, आईची जरीकाठाची साडी, तिच्याच सामानातला तांब्याचा गडू. कडुलिंब नव्हता. साखरेची गाठी म्हणून मी मार्शमेलो ओवले, त्यावर आई दोन दिवस हसत होती. त्याच दिवशी भारतात लॉकडाऊन सुरू झाला. दादाचा न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल आला. गुढीला नमस्कार केला आणि लगेच म्हणाला, "आईला रस्त्यावर आणलंस तू."

हे वाक्य मी विसरलेले नाही.

त्याचं म्हणणं, आईला घेऊन त्याच्याकडे निघून यावं. पाच खोल्यांचं घर, खाली बेसमेंट. न्यू जर्सी तेव्हा न्यूयॉर्कच्या खालोखाल होरपळत होतं, तरी मी विचारलं, आम्ही गाडी कुठे लावू? तर त्यांच्या सोसायटीच्या नियमात आरव्ही दारात 24 तासांच्या वर उभी करता येत नाही. म्हणजे आईला सोडा आणि तुम्ही फुटा. वहिनी मागून म्हणाल्या, "अहो, त्यांना हॉटेल बघून देऊ की." कुठलं हॉटेल हो वहिनी, तेव्हा?

खरी अडचण आली ती 15 एप्रिलनंतर. मोकळी सरकारी जमीन तशी सगळी बंद नव्हती, पण वाळवंटात एप्रिलअखेर पारा 40 कडे सरकतो, आमच्याकडे सौर पॅनलवर एसी चालत नाही, आणि पाणी-सांडपाण्याचं काय? ज्यांनी हे आयुष्य पाहिलं नाही त्यांना लॉकडाऊन म्हणजे दार लावून बसणं वाटतं. आम्हाला दहा-बारा दिवसांनी काळी टाकी, म्हणजे संडासाची, रिकामी करायला निघावंच लागतं. युटानं स्टेट पार्क त्या-त्या काउंटीच्या रहिवाशांपुरती ठेवली, फ्लोरिडानं 23 मार्चला बंद केली, टेक्सासनं 7 एप्रिलला. पार्क बंद म्हणजे नुसती झाडं-तळी बंद नाहीत. नळ बंद, टाक्या रिकाम्या करायचं डम्प स्टेशन बंद. पार्कात कॅम्प होस्ट म्हणून काम करून त्या बदल्यात फुकट जागा मिळवणाऱ्यांचं तर काम आणि घर एकाच दिवशी गेलं.

पाण्याच्या बाबतीत आम्हाला आईनं वाचवलं. ती माण तालुक्यातली, टँकरची वाट बघत मोठी झालेली. नवरा शॉवर सुरू ठेवून साबण लावतो हे पाहून तिनं तिसऱ्या दिवशी शॉवरच्या नळीला गाठ मारली आणि प्लास्टिकचा डबा आणि मग पुढे केला. "जावईबापू, पाच लिटरात माणूस स्वच्छ होतो." भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पहिलं पाणी फ्लशला. साठ गॅलनची टाकी आम्ही दोघं आठवड्यात संपवत होतो. तिच्या हाताखाली तिघांना दहा दिवस पुरली.

मी एकामागून एक आरव्ही पार्कांना फोन केले. एक म्हणाला, दहा वर्षांच्या वरची गाडी घेत नाही. दुसरा म्हणाला, फक्त जुने रहिवासी. तिसरीनं लायसन्स कुठलं ते विचारलं. साउथ डकोटा म्हटल्यावर म्हणाली, "मग तिथे जा ना, घरी!"

इथे थोडं थांबते, कारण तुम्हालाही हे लागणार आहे. कायम फिरणारे बहुतेक जण साउथ डकोटा, टेक्सास नाहीतर फ्लोरिडाचा पत्ता घेतात, कर आणि कागदपत्रांच्या सोयीसाठी. साउथ डकोटात आम्ही एक रात्र मोटेलमध्ये राहिलो, पावती दाखवली, टपाल पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा पेटी नंबर दिला आणि रहिवासी झालो. कायद्यानं आमचं घर ती पेटी. हजार मैलांहून लांब, आणि एप्रिलात तिथे बर्फ पडलं तर नळ फुटतात. गंमत म्हणजे त्या राज्यानं राज्यभर घरात राहायचा आदेश कधी काढलाच नाही.

16 एप्रिलच्या रात्री आम्ही एका छोट्या गावात दुकानाच्या पार्किंगमध्ये उभे होतो. दोन वाजता दारावर टॉर्च. डेप्युटी (काउंटीचा पोलीस) तरुण होता, मास्क नाही, सहा फूट मागे उभा. घरी राहायचा आदेश आहे, घरी जा म्हणाला. नवरा म्हणाला, हेच घर आहे. त्यानं लायसन्स मागितलं, पत्ता वाचला, मान वर करून आमच्याकडे पाहिलं. आतून आई उठून आली, डोक्यावर शाल.

"काय म्हणतोय गं तो?"

"घरी जा म्हणतोय."

"मग सांग की त्याला, घरीच आहोत म्हणून."

मी ते तसंच इंग्रजीत सांगितलं. तो हसला नाही, पण सकाळी सहापर्यंत थांबा म्हणाला आणि गेला. आईनं चहा टाकला, आम्हा तिघांनाही परत झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी जागा मिळाली. प्रेस्कॉटच्या बाजूला, पाच हजार फुटांवर, हवा महाबळेश्वरच्या जवळपास जाणारी. कॅनडावाले निघून गेल्यानं त्या पार्कात डझनभर जागा ओस पडल्या होत्या. मॅनेजर बाईनं एकच अट घातली, रोजानं नाही, महिन्यानं घ्या. साडेपाचशे डॉलर, वीज मीटरप्रमाणे. आणि न मागता एका पानावर लिहून दिलं: जागा क्रमांक 31 हे या तिघांचं सध्याचं मुख्य निवासस्थान आहे. खाली सही, तारीख. गाडी तीच, माणसं तीच, टाकी तीच. कागद आला आणि आम्ही रस्त्यावरच्यांचे रहिवासी झालो. त्यानंतर औषधाच्या दुकानात, डॉक्टरच्या व्हिडिओ कॉलवर, सगळीकडे तोच पत्ता सांगितला. (डॉक्टर आधी विचारतात, आत्ता कुठल्या राज्यात आहात, त्यांचा परवाना त्या राज्याचा असावा लागतो. आईच्या बीपीच्या गोळ्यांसाठी हे दोनदा नडलं होतं.)

मे महिन्यात वंदे भारतचं, म्हणजे परदेशात अडकलेल्यांना भारतात नेणारं, विमान सॅन फ्रान्सिस्कोहून सुटलं. वय आणि संपत आलेला व्हिसा, म्हणून आईचा नंबर लागला. मुंबईत तिला 14 दिवस हॉटेलात ठेवलं, स्वखर्चानं. तिसऱ्या दिवशी फोनवर म्हणाली, "खोली तुमच्या गाडीएवढीच आहे गं, पण खिडकी उघडत नाही." तो कॉल तिघांचा होता. दादा ऐकत होता आणि काही बोलला नाही, एवढंच नमूद करते.

ऑगस्टात त्याचा फोन आला. पोरं घरात वेडी झालीत, आठवड्याभरासाठी आरव्ही भाड्यानं घ्यायची तर किती पडते, आणि डम्पिंग म्हणजे नक्की काय करायचं? त्या उन्हाळ्यात सगळ्या अमेरिकेला हेच सुचलं होतं. 2021 मध्ये तर कारखान्यांतून सहा लाख आरव्ही बाहेर पडल्या. एप्रिलात ज्यांना गावात उभं करत नव्हते, त्याच डब्यांत लोक 'सुरक्षित सुट्टी' घालवायला लागले. कॅलिफोर्नियानं बेघरांना वेगळं ठेवण्यासाठी 1,309 ट्रेलर घेतले, डॉक्टर-नर्सना घरच्यांपासून लांब झोपता यावं म्हणून लोकांनी स्वतःच्या आरव्ही दिल्या. मग डबा वाईट कसा?

तेव्हा तुमच्या मेहुण्यांना सांगा, घर विकणं ही चूक नाही. चूक आहे ती कुठेच जागा धरून न ठेवणं. दादाचं एवढं मात्र मी मान्य करते, त्याच्या तोंडावर अजून केलेलं नाही. सारखं फिरत राहायची माझी हौस होती, आणि महिन्याचं भाडं 'वाया' जाईल म्हणून मीच नको म्हणत होते. नवरा दोन वर्षं सांगत होता. तुम्ही टेक्सासात आहात तर तिथेच एखाद्या पार्कात वर्षाची जागा घ्या, राहा न राहा. करारावर 'मुख्य निवासस्थान' हे शब्द लिहून घ्या. गोळ्या तीन महिन्यांच्या ठेवा. आरोग्य विम्याचं डॉक्टर-हॉस्पिटलांचं जाळं तुमच्या पत्त्याच्या राज्याबाहेर चालतं का ते घर विकायच्या आधी तपासा, नंतर नाही.

हे सगळं 2020 चं, आणि आम्ही ज्या राज्यांत होतो तिथलं. पुढच्या वेळी काउंटी काय काढेल ते काउंटी जाणे. आणखी एक, आम्ही हौसेनं राहतो, हातात पेन्शन आहे. शहरांत रस्त्याकडेला मोडक्या आरव्हीत नाइलाजानं राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे, ती माझ्या उत्तरात शोधू नका.

आणि टॉयलेट पेपर संपला तरी ओले वाइप्स काळ्या टाकीत टाकायचे नाहीत, पाकिटावर 'फ्लश करता येतात' असं छापलेलं असलं तरी. दादानं भाड्याच्या गाडीत टाकले होते.