गर्भपात, संततिनियमन यावर उघड बोलणाऱ्या बाई महापालिकेला उभ्या आहेत. त्यांचा प्रचार करावा का? (मी मांजलपूर, बडोद्याची नवी सून. सासरचे म्हणतात, गटार-पाण्याच्या निवडणुकीत हा विषय कशाला?)

करा. उघड करा.

एरवी मी इथे लोणच्याच्या प्रश्नांनाच उत्तरं देते. पण तुमच्या कंसातलं वाक्य आमच्या भाऊजींनी 2021 साली दांडिया बाजारच्या घरात शब्दशः म्हटलं होतं, म्हणून बसले लिहायला.

1993 ची गोष्ट. धाकटी नऊ महिन्यांची, अंगावर पीत होती. तांबी (गर्भ राहू नये म्हणून गर्भाशयात बसवतात ती) बसवलेली, तरी दिवस राहिले. आमचे हे तेव्हा मस्कतला. मला तिसरं झेपणार नव्हतं, याहून मोठं कारण नव्हतं आणि लागतही नाही. अकरावा आठवडा चालू होता. एका खाजगी दवाखान्यात गेले तर काउंटरवरच्या माणसानं छापील कागद पुढे सरकवला, त्यात 'पतीची सही' अशी ओळ. पती परदेशात आहेत म्हटल्यावर म्हणाला, मग घरातल्या कुणा पुरुषाची आणा, चालेल. म्हणजे पोट माझं, पण सही कुठल्याही पुरुषाची चालते. आमच्या घरात तेव्हा पुरुष म्हणजे भाऊजी, वय बावीस, बी.कॉम.ला विषय राहिलेले. त्यांनी तो कागद घेतला आणि आठ दिवस देवघरातल्या पोथ्यांखाली ठेवून दिला. "दादाला विचारल्याशिवाय मी कशी करू, वहिनी?" रावपुऱ्यातल्या एसटीडी बूथवर रोज संध्याकाळी रांगेत उभी राहायचे, कडेवर धाकटी. फोन लागला तोवर बारा आठवडे उलटले होते. त्या वेळच्या कायद्यानं बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरे होतं, त्यापुढे वीसपर्यंत दोघांचं. भाऊजींच्या आठ दिवसांपायी मला आणखी एक डॉक्टर शोधत फिरावं लागलं.

शेवटी दुसरीकडच्या डॉक्टरीणबाईंनी फॉर्म सी, म्हणजे गर्भपाताच्या संमतीचा कायद्यातला फॉर्म, काढून दाखवला. त्यात संमती फक्त बाईची. नवऱ्याच्या सहीची ओळच नाही. कायदा 1971 चा, म्हणजे मी शाळेत जायच्या वयाची होते तेव्हापासूनचा. इथल्या विद्यापीठात होम सायन्सला आम्हाला कुटुंब नियोजनाची सगळी साधनं आकृत्या काढून शिकवली होती, सही कुणाची लागते हे मात्र कुणी सांगितलं नाही. (ही फॅकल्टी उभी केली हंसाबेन मेहतांनी. 1937 च्या निवडणुकीत बायकांची राखीव जागा नाकारून सर्वसाधारण जागेवरून उभ्या राहिलेल्या बाई त्या. असो.)

नंतर नात्यात कुजबुज सुरू झाली, 'दोन मुलींवर पुन्हा मुलगीच असणार, म्हणून.' तेव्हा मी काहीच बोलले नाही. त्याचा राग आजही आहे.

आता 2021. आमच्या वॉर्डात एक निवृत्त नर्सबाई अपक्ष उभ्या राहिल्या. आमच्या पोळातल्या (गल्लीतल्या) ओट्यावर दहा-बारा बायका, आणि बाई गुजरातीत म्हणाल्या, "सही फक्त तमारी जोईए, बीजा कोईनी नहीं." (सही फक्त तुमची लागते, दुसऱ्या कुणाची नाही.) मी तिथल्या तिथे त्यांच्या पत्रिकांचा गठ्ठा उचलला. त्यांची मागणी साधी होती: पालिकेच्या प्रत्येक अर्बन हेल्थ सेंटरवर हेच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहावं, तांबी आणि अंतरा (संततिनियमनाचं) इंजेक्शन मिळण्याचे वार ठरवावेत, आणि तपासणीच्या टेबलाला पडदा लावावा. भाऊजींना तेव्हापासून हेच सांगते आहे: ही सेंटरं पालिकेचीच आहेत. पडदा नसला तर सभेत नगरसेविकेनं नाही विचारायचं तर कुणी?

दोनपेक्षा जास्त मुलं असली तर गुजरातमध्ये पालिकेला उभं राहता येत नाही. बाई 2005 च्या त्या दुरुस्तीविरुद्धही बोलायच्या. तिसरं ठेवायचं की नाही हे तिकिटाकडे बघून नवऱ्यानं ठरवू नये, एवढंच म्हणणं. यावरून एका गल्लीत 'ही बाई गर्भ पाडायला शिकवते' आणि पुढच्या गल्लीत 'ही बाई लोकसंख्या वाढवणार' असा प्रचार झाला. करणारी माणसं तीच.

तुमच्या कामाचं सांगायचं तर, आपल्या वॉर्डात चार जागा, म्हणून प्रत्येकाला चार मतं, त्यातल्या दोन जागा बायकांच्या. लोक डोळे मिटून एकाच पक्षाची चार बटणं दाबतात. त्यांच्याशी पक्षावरून भांडू नका. "तीन तुमच्या पक्षाला द्या, एक बाईंना द्या" एवढंच म्हणा. दुपारी दोन ते चार जा, पुरुष घरात नसतात. पत्रिका दारात देऊ नका, स्वयंपाकघरापर्यंत जा. सासूबाईंना आधी गाठा. माझा अनुभव असा की सत्तरीच्या बायका या विषयावर तिशीच्या सुनांपेक्षा जास्त मोकळ्या असतात, त्यांनी बाळंतपणं भोगलेली असतात.

आमच्या बाई पडल्या. 76 पैकी 69 एका पक्षाला, 7 दुसऱ्याला, अपक्षांना भोपळा. भाऊजी पेढे घेऊन आले. मी पेढा खाल्ला आणि त्यांच्या सुनेला आत बोलावून फॉर्म सी समजावला.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. 2021 च्याच सप्टेंबरपासून गर्भपाताचा कायदा बदलला: आता वीस आठवड्यांपर्यंत एक डॉक्टर, आणि काही ठरावीक परिस्थितीत चोवीसपर्यंत दोन. 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं अविवाहितांनाही त्या चोवीसात घेतलं. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची संमती लागते. लिंगनिदान हा वेगळा विषय आणि तो गुन्हाच आहे, कुणी दोन्हींची गल्लत केली तर तिथेच थांबवा. बाईंचं प्रतिज्ञापत्रही वाचून घ्या, नुसत्या भाषणावर जाऊ नका. आणि तुम्ही किंवा तुमचे मिस्टर सरकारी नोकरीत असाल तर नोकरी करणाऱ्यानं प्रचारात उतरू नये, नियमात बसत नाही. मत मात्र द्या.