भाच्याच्या पिसांच्या कारखान्यासाठी ठेव मोडू का?

गोव्यातल्या साखळी गावच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ६१, खासगी कंपनीतून निवृत्त, पेन्शन नाही. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्क्यांनी २० लाख. मायक्रोबायोलॉजी शिकलेला भाचा कोंबडीची पिसं जिवाणूंच्या एन्झाइमने विरघळवण्याचा कारखाना पिसुर्ल्यात काढतोय. खातं मोडून त्याला १५ लाख द्यावेत का?

ताई, देऊ नका. पण भाच्याला वेड्यात काढू नका, त्याचं शास्त्र खरं आहे. पिसांत सुमारे ९० टक्के केराटिन नावाचं प्रथिन असतं. त्यातले गंधकाचे बंध इतके चिवट की पोटातले पाचकरस त्यांच्यापुढे हात टेकतात. बॅसिलस लायकेनिफॉर्मिससारखे जिवाणू केराटिनेज हे एन्झाइम सोडून तेच केराटिन तोडतात. मिळणारं प्रथिन पशुखाद्यात किंवा खतात जातं, आणि तेच एन्झाइम चामड्यावरचे केस काढायला सोडियम सल्फाइडऐवजी वापरता येतं. चिकनच्या दुकानामागे पावसात कुजणारी पोती पाहिलेल्या कुणालाही या कामाचं मोल कळेल. हे गोव्यात व्हावं, असं मलाही मनापासून वाटतं.

घोडं अडतं ते कच्च्या मालापाशी. जिवंत कोंबडीच्या वजनात पिसं ५ ते ७ टक्के. दोन किलोच्या कोंबडीमागे १०० ते १४० ग्रॅम, म्हणजे एक टन पिसांसाठी सात ते दहा हजार कोंबड्या. आपल्याकडे त्या बऱ्याचशा बेळगावकडून येतात आणि गावोगावच्या छोट्या दुकानांत कापल्या जातात. रोज टेंपो फिरवून ओली पिसं कुजायच्या आत आणायची, खरा खर्च तो. तुम्ही पाठवलेल्या त्याच्या प्रकल्प अहवालात यंत्रांच्या किमती पैशापर्यंत आहेत, टेंपोचा उल्लेखच नाही. माल कोण घेणार, तेही नाही. दाबाखाली वाफेने शिजवून पिसांचं पीठ करणारे बाजारात आधीच आहेत. त्या पद्धतीत काही अमिनो आम्लं बिघडतात, तरी भावाची बरोबरी त्यांच्याशीच करावी लागेल.

तुमच्या ठेवीचं व्याज तिमाहीला ४१,००० येतं आणि घर त्यावर चालतं. या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत, मुदतीआधी हवे तर खातंच बंद करावं लागतं. त्याच्या कर्जासाठी बँकेने तुमचं घर तारण मागितलं, तरी सही करू नका.

भाच्याला बायरॅक या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँटसाठी अर्ज करायला सांगा. निवड झाली तर ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. फसू शकणाऱ्या प्रयोगाला असाच पैसा हवा, आत्याच्या म्हातारपणाचा नव्हे.

अगदीच राहवत नसेल तर बचत खात्यातले ५० हजार द्या, परत येतील ही आशा न ठेवता. त्यातून त्याने महिनाभर डिचोली-साखळीच्या दुकानांतली पिसं गोळा करावी आणि रोजचा खर्च वहीत लिहावा. महिना मात्र जुलैचा असू दे.