'सेक्को'ला 'शुष्क' म्हणावे काय?

प्रश्न असा आहे : अठराव्या शतकातील इटालियन ऑपेराविषयीच्या एका मराठी लेखात 'शुष्क पठण' हा शब्दप्रयोग आला आहे. तो 'रेचितातीव्हो सेक्को' या संज्ञेचा अनुवाद असावा, पण गाण्याच्या नाटकात शुष्क असे काय असते आणि 'पठण' हा शब्द तरी येथे योग्य आहे का?

अनुवाद त्याच संज्ञेचा आहे. मात्र त्यातील दोन्ही शब्द वाचकाची दिशाभूल करतात असे माझे स्पष्ट मत आहे.

'रेचितारे' या इटालियन क्रियापदाचा अर्थ मोठ्याने म्हणणे, रंगमंचावर उक्ती सादर करणे असा होतो. १६०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये ऑपेरा जन्माला आला, तो नाटकातील बोलणे सुरांत कसे मांडावे या प्रश्नातूनच. अठराव्या शतकापर्यंत त्याची घडी पक्की बसली होती. कथानक पुढे सरकते ते रेचितातीव्होमध्ये, आणि पात्राच्या मनात साठलेला भाव व्यक्त होतो तो 'आरिया' या स्वतंत्र गीतात. व्हिएन्नाच्या दरबारात १७३० पासून राहिलेला कवी मेतास्तास्यो याच्या गंभीर ऑपेरांच्या संहितांमध्ये ही विभागणी छंदातच दिसते : रेचितातीव्होसाठी सात आणि अकरा अक्षरांच्या ओळींचे, यमकाचा आग्रह नसलेले मिश्रण, तर आरियासाठी बहुधा यमकबद्ध अशी दोन छोटी कडवी.

आता 'सेक्को', म्हणजे कोरडा. हा कोरडेपणा भावनेचा नाही, साथीचा आहे. या प्रकारात वाद्यवृंद थांबतो. स्वरलिपीत गायकाच्या ओळीखाली केवळ मंद्र स्वरांची एक ओळ असते, तिच्याजवळ काही ठिकाणी अंक लिहिलेले असतात, आणि त्यांवरून हार्प्सिकॉर्ड या पियानोसारख्या पट्ट्यांच्या वाद्याचा वादक स्वरसमूह स्वतः रचून वाजवतो. अनेकदा चेलो हे खालच्या स्वरांचे तंतुवाद्य तीच मंद्र ओळ धरून ठेवते. लेखनात चार मात्रांचे विभाग असले तरी गायक मात्रांना बांधलेला नसतो, तो बोलण्याच्या ओघाने जातो. षड्ज मात्र सतत बदलत राहतो, आणि संभाषणाला वळण लागले की हार्प्सिकॉर्डवरचा एखादा अनपेक्षित स्वरसमूह ते वळण श्रोत्याला जाणवून देतो.

मराठीत या कोरडेपणासाठी नेमका दाखला स्वयंपाकघरात आहे. भाकरीबरोबर खायच्या पातळ कालवणाला अनेक भागांत 'कोरड्यास' म्हणतात; कोरडी भाकरी म्हणजे कोरड्यास नसलेली भाकरी. तिच्यात सत्त्व नाही असे कोणी म्हणत नाही. 'सेक्को'मधला कोरडेपणा या जातीचा आहे. 'शुष्क' म्हटले की मात्र शुष्क व्याख्यान आणि शुष्क चर्चा आठवते, आणि हा भाग कंटाळवाणा असतो असा समज वाचकाच्या मनात आधीच रुजतो.

तो समज किती चुकीचा आहे हे मोझार्टच्या 'ले नोत्से दी फिगारो'वरून (व्हिएन्ना, १७८६) दिसते. मालक असलेल्या काउंटने फिगारो आणि सुझान्ना या लग्न ठरलेल्या आपल्या सेवकांना स्वतःच्या दालनाजवळची खोली का देऊ केली, त्याचा डाव काय आहे, हे सुझान्ना फिगारोला उघडपणे सांगते ते पहिल्या अंकातील अशाच कोरड्या रेचितातीव्होमध्ये. पुढचा सगळा संघर्ष त्या संभाषणातून उभा राहतो. याउलट तिसऱ्या अंकात काउंटेस एकटी सुझान्नाची वाट पाहत असते, आणि पतीच्या वागण्यामुळे स्वतःच्याच दासीची मदत घेण्याची वेळ आल्याचे दुःख तिला सहन होत नाही, तेव्हा तंतुवाद्ये तिच्या शब्दांभोवती येतात. हा दुसरा प्रकार 'अक्कोंपान्यातो', म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीचा. संगीतकार ग्लुकने 'ओर्फेओ एद एउरिदिचे' या ऑपेरामध्ये (व्हिएन्ना, १७६२) कोरडा प्रकार पूर्णपणे वगळून वाद्यवृंदाची साथ सर्वत्र ठेवली, आणि बोलणे व गाणे यांमधली भिंत बरीच खाली आणली.

'सेक्को' हे विशेषण सार्वत्रिक झाले ते पुढच्या काळात. अठराव्या शतकात 'सेंप्लिचे', म्हणजे 'साधा', हे विशेषण अधिक रूढ होते. मराठीतही 'साधा' म्हणावे असे मला वाटते, कारण 'कोरडा' हा शब्द कितीही जवळचा असला तरी 'कोरडी सहानुभूती'सारख्या प्रयोगांमुळे तोही भावशून्यतेकडे झुकतो.

राहिला 'पठण'. पोथीचे पठण होते, स्तोत्राचे होते. त्यात मजकूर आधीच सिद्ध असतो आणि म्हणणारा तो पुन्हा उच्चारतो. ऑपेरातील पात्र त्या क्षणी बोलत असते. 'संवादगायन' हा पर्याय मलाही मोहात पाडतो, परंतु काउंटेसचे वर उल्लेखिलेले स्वगत त्यात बसत नाही. आपल्या संगीत नाटकातील साकी किंवा दिंडी यांचे नाव येथे वापरणेही बरोबर होणार नाही, कारण त्यांना ठरलेले वृत्त आणि ठरलेली चाल असते, तर रेचितातीव्होमध्ये पुन्हा पुन्हा येणारी चाल नसते. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर गद्य संवाद आणि पदे यांवर उभे असलेले किर्लोस्करी नाटक इटालियन ऑपेरापेक्षा जर्मन 'झिंगश्पील'च्या, म्हणजे गद्य संवाद आणि गीते असलेल्या नाट्यप्रकाराच्या, जवळ आहे. मोझार्टच्याच 'दी त्साउबरफ्ल्यूटे'मध्ये (१७९१) आरियांच्या मधला बराच भाग पात्रे सरळ बोलतात.

म्हणून मूळ शब्दच ठेवावा, आणि तो प्रथम येईल तेथे 'बोलण्याच्या लयीत गायिलेली उक्ती' असा खुलासा करावा. पियानो, रेडिओ, फोटो हे ओकारान्त शब्द मराठीने पुल्लिंगी मानले आहेत आणि इटालियनमध्येही हा शब्द पुल्लिंगीच आहे. तेव्हा 'साधा रेचितातीव्हो', 'वाद्यवृंदासह रेचितातीव्हो', अनेकवचनी 'साधे रेचितातीव्हो' आणि विभक्तीत 'रेचितातीव्होचा', 'रेचितातीव्होमध्ये' अशी रूपे अडचण न येता चालतील.