अजून किती दिवस?

पत्राचा सारांश: वय 29. वसमत तालुक्यातलं गाव, घरची सहा एकर शेती, त्यात हळद. 2018 साली बी.एस्सी. अ‍ॅग्री झालं, 2019 पासून पुण्यात नवी पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास. राज्यसेवेची पूर्व दोनदा निघाली, मुख्य दोन्ही वेळा गेली. संयुक्त गट ‘ब’ एकदा थोडक्यात हुकली. “पुस्तक उघडतो, डोळे फिरतात, डोक्यात काही जात नाही. सोडावं तर दुसरं काय येतं मला? खरं समाधान देणारं क्षेत्र कोणतं हे सांगणारी एखादी चाचणी असेल तर द्यायला तयार आहे. वडिलांनी परवा फोनवर विचारलं, अजून किती दिवस? तेव्हापासून त्यांचे फोन उचलायची भीती वाटते.”

प्रिय मित्रा,

पत्र चार पानांचं लिहिलं आहेस. त्यातली साडेतीन पानं कट-ऑफ, अ‍ॅड, प्री, मेन्स आणि ‘रूममेट एसटीआय (राज्य कर निरीक्षक) झाला’ यांनी भरली आहेत. उरलेल्या अर्ध्या पानावर मात्र दुसराच कुणीतरी लिहितोय असं वाटतं. गेल्या हंगामात तू हळद काढायला गावी गेलास. व्यापाऱ्याने दोन मुठी माल हातात घेऊन ‘रंग नाही’ म्हणत भाव पाडला. तू गड्डे आणि हळकुंडं वेगळी करायला लावलीस, नमुने प्रयोगशाळेत पाठवून कुरकुमिनचं, म्हणजे हळदीला रंग देणाऱ्या घटकाचं, प्रमाण काढून आणलंस, आणि शेजारच्या पाचसहा जणांना पटवून सगळ्यांचा माल एकत्र मोंढ्यावर, शेतमालाच्या बाजारात, नेलास. भाव किती वाढून मिळाला तेही लिहिलं आहेस, क्विंटलनुसार. आणि मग लगेच, ‘असो, विषयांतर झालं.’

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या विषयांतरात दिसतं. पण थांब, ‘गावी जा आणि हळदीचा ब्रँड काढ’ असं काही मी सांगणार नाही. तसं सांगणारे व्हिडिओ तुझ्या मोबाइलवर रोज येत असतील. त्यात घाटा सोसलेला माणूस कधी दिसत नाही.

आधी चाचणीबद्दल. कलचाचण्या मी घेते, त्यांचा उपयोगही होतो, पण दहावी-बारावीच्या मुलांना, ज्यांनी अजून काही करून पाहिलेलं नसतं. राज्य मंडळाने 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली ती त्यासाठीच. तुझी दहावी त्याच्या आधीची. आज 29 व्या वर्षी तू ती दिलीस तर ‘निसर्ग, विश्लेषण, लोकांत मिसळणं’ असं काहीतरी छापून येईल आणि तू त्या कागदाकडे बघत बसशील. तुझ्याकडे त्याहून पक्का पुरावा आहे. कुणी सांगितलं नव्हतं, मार्क मिळणार नव्हते, तरी तू कोणतं काम अंगावर घेतलंस? नमुने काढणं, आकडे लावणं, न जुळणाऱ्या माणसांना एका गाडीत माल भरायला राजी करणं. या तिन्ही गोष्टींना बाजारात पगार आहे. हळद हा फक्त त्यांचा एक प्रसंग.

आता परीक्षेबद्दल स्पष्ट बोलते. ‘इतकी वर्षं घातली, आता सोडून कसं द्यायचं’ हे वाक्य तुझ्या पत्रात तीन वेगवेगळ्या ठिकाणी आहे. त्या वर्षांचा हिशेब मांडताना स्वतःवर अन्याय करू नकोस. 5 एप्रिल 2020 ला ठरलेली पूर्व परीक्षा प्रत्यक्षात 21 मार्च 2021 ला झाली. ते वर्ष तुझ्या नाकर्तेपणाच्या खात्यात लिहायचं कारण नाही. पण त्याच हिशेबात दुसरी बाजूही लिही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. 2023 पासून लागू व्हायची होती, पुण्यात मुलं रस्त्यावर बसली, आणि ती 2025 वर गेली. त्या गर्दीत तूही असशील. आता मराठी-इंग्रजीचे पात्रता पेपर वेगळे, आणि गुणांसाठी निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर, वैकल्पिक विषयाचे दोन, असे 1750 गुण. वर मुलाखतीचे 275. तू आजवर चार पर्यायांतून बरोबर गोल काळा करायला शिकलास. त्यात तू चांगला आहेस, दोनदा पूर्व काढणं हे काही नशिबाने होत नाही. पण मुख्य परीक्षा तुझ्यापुरती नवी आहे. म्हणजे ‘सहा वर्षांची तयारी’ म्हणतोस त्यातली पूर्वच्या कामाची किती आणि मुख्यच्या कामाची किती, हे वेगळं करून बघ.

ते बघायला क्लासच्या समुपदेशकाकडे जाऊ नकोस, तो फी भरायलाच सांगेल. कृषी हा वैकल्पिक विषय घेता येतो, तुझी पदवी त्यातलीच. जुने पेपर काढ, रोज दोन उत्तरं हाताने लिही, घड्याळ लावून, महिनाभर. ज्याने मुख्य लिहून पास केली आहे अशा ओळखीच्या माणसाकडून ती तपासून घे. लिहिताना हात दुखेल, ते ठीक. पण महिन्याच्या शेवटी उत्तरं सुधारलेली दिसली आणि तुला लिहावंसं वाटलं, तर एक प्रयत्न जरूर दे, तारीख ठरवून, घरच्यांना सांगून. दहाव्या दिवशीच वही बंद झाली, तर तेही उत्तरच आहे. त्यासाठी मला पुन्हा पत्र लिहायची गरज नाही.

एका गोष्टीकडे मात्र तुझ्यासारख्या मुलांचं हमखास दुर्लक्ष होतं. राज्यसेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला 38, मागासवर्गीयांना 43. त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ असं वाटत राहतं. दरम्यान बाकीची दारं मुकाट बंद होत जातात. पीएसआयला खुल्या गटाची मर्यादा 31. आयबीपीएस या बँकांसाठी भरती घेणाऱ्या संस्थेच्या स्पेशालिस्ट ऑफिसर भरतीत अ‍ॅग्रिकल्चर फील्ड ऑफिसर हे पद थेट तुझ्या पदवीसाठी आहे, आणि तिथे 30. ओबीसींना तीन आणि एससी-एसटींना पाच वर्षांची सवलत मिळते, तुला ती लागू आहे का ते तुला माहीत. जे दार सर्वांत उशिरा बंद होतं त्याच्याच समोर तू सहा वर्षं उभा आहेस.

बँकेतलं हे काम कसं असतं? पीककर्जाच्या फायली, शेतावर जाऊन पाहणी, किसान क्रेडिट कार्डची नूतनीकरणं, आणि वसुली. वसुली लिहायचं राहून जातं म्हणून मुद्दाम लिहिते. पोस्टिंग भारतात कुठेही मिळू शकतं, पहिली काही वर्षं गुजरातेत किंवा ओडिशात काढावी लागतील. शेतकऱ्याच्या दारात जाऊन हप्ता मागायचा हे तुला जमेल का, हा खरा प्रश्न. तुझ्या घरी कुणी असा हप्ता मागायला आलं असेल तर तुला त्याची चव माहीत आहे. काहींना ते झेपत नाही. काहीजण नेमके त्यामुळेच चांगले अधिकारी होतात.

दुसरी वाट शेतकरी उत्पादक कंपन्यांची, म्हणजे शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काढलेल्या कंपन्यांची. केंद्राच्या दहा हजार कंपन्यांच्या योजनेत प्रत्येकीला तीन वर्षांसाठी 18 लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च मिळतो, त्यातून सीईओ आणि हिशेबनीस नेमायचे असतात. पद ऐकायला मोठं, पगार बेताचा, आणि कितीतरी कंपन्या फक्त कागदावर आणि एका पुढाऱ्याच्या गोडाउनात आहेत. पण जी खरी चालते, तिथे वर्षभरात जे शिकायला मिळतं ते एमबीएत मिळत नाही. नाशिक जिल्ह्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स बघून ये. द्राक्षाची एक पेटी कुणाच्या बागेतून आली, फवारणी कधी झाली, फवारलेल्या औषधाच्या उर्वरित अंशाची तपासणी कुठे झाली, हे सगळं नोंदवणारी माणसं तिथे लागतात आणि त्यातली बरीच अ‍ॅग्रीवाली असतात. तुझ्या दारातच वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन मिळालं म्हणून भाव आपोआप वाढत नाही. माल खरंच तिथला आणि त्या प्रतीचा आहे हे कुणीतरी दाखवून द्यावं लागतं. ते काम तू एकदा, आठ पोत्यांपुरतं का होईना, केलं आहेस.

‘अ‍ॅग्री-क्लिनिक’ या कृषी पदवीधरांसाठीच्या स्वयंरोजगार योजनेचं तू विचारलं आहेस. 45 दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण आहे, ते जरूर कर. पुढचं अनुदान कर्जाला जोडलेलं असतं, सर्वसाधारण गटाला 36 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 44. प्रशिक्षण घे, कर्ज आत्ता घेऊ नकोस. अनुदानाकडे बघून धंदा निवडलेली मुलं नंतर माझ्याकडे येतात, आणि तेव्हा त्यांच्या पत्रात बँकेचं नाव असतं.

या सगळ्यांतलं काय निवडायचं हे अभ्यासिकेत बसून ठरणार नाही. बँकेतला एक फील्ड ऑफिसर, उत्पादक कंपनी चालवणारा एक, आणि मसाला कंपनीसाठी हळद खरेदी करणारा एक, असे तिघे गाठ. कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज टाकलास तरी सापडतील, तुझ्या बॅचचे निम्मे याच कामांत असणार. त्यांना ‘स्कोप आहे का’ असं विचारू नकोस. स्कोप विचारला की प्रत्येकजण भाषण करतो. ‘काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय केलंत’ एवढंच विचार. ऐकताना कुठे मनात आलं की ‘हे मी वेगळ्या पद्धतीने केलं असतं’, ती जागा लिहून ठेव. समाधान वगैरे शब्दांपेक्षा मला ही खूण जास्त भरवशाची वाटते. मग येत्या हंगामात, जानेवारी ते मार्च, त्यांच्यापैकी कुणाकडे तरी काम कर, मिळेल त्या पैशांत. गावात लोक म्हणतील, ‘आला परत.’ म्हणू देत. हंगाम संपेपर्यंत त्यांना दुसरा विषय मिळतो.

बायोडेटातल्या ‘गॅप’ची तुला फार धास्ती आहे. लपवू नकोस. ‘2019 पासून स्पर्धा परीक्षांची तयारी, राज्यसेवा पूर्व परीक्षा दोनदा उत्तीर्ण’ ही एक ओळ, आणि तिच्याखाली हळदीच्या मालाची प्रतवारी, तपासणी आणि एकत्रित विक्री, आकड्यांसकट. मुलाखत घेणारा दुसऱ्या ओळीवरच प्रश्न विचारेल.

झोप येत नाही, जेवावंसं वाटत नाही, असं ओझरतं लिहिलं आहेस. हे किती दिवस चाललंय? दोन आठवड्यांच्या वर गेलं असेल तर करिअरचा विचार जरा बाजूला ठेव आणि डॉक्टरांना भेट. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. तुझ्या अभ्यासिकेत शेजारच्या टेबलावरचाही कुणी तो फिरवत असेल, सांगत नसेल इतकंच.

राहिले वडील. ‘अजून किती दिवस’ हा तुला टोमणा वाटला. मला तसा वाटला नाही. हा माणूस मे-जूनमध्ये बेणं लावतो, नऊ महिने खत-पाण्यावर पैसे घालतो, मग काढणी, शिजवणी, वाळवणी, पॉलिश, आणि त्यानंतर विक्रीची पट्टी हातात पडते. थांबणं त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा चांगलं येतं. फक्त किती थांबायचं ते त्यांना आधी माहीत असतं. तुझ्या बाबतीत कुणी सांगितलेलंच नाही. त्यांना तारीख हवी आहे. फोनवर नको, गावी जाऊन, शेतात चालता चालता सांग: अमुक महिन्यापर्यंत उत्तरं लिहून बघतो, बँकेचा फॉर्म भरतो, हंगामात काम करतो, आणि त्यानंतर पुण्याला पैसे पाठवायचे नाहीत. शेवटचं वाक्य तू म्हण, त्यांना म्हणायला लावू नकोस. ते बहुतेक काही बोलणार नाहीत. ‘मोटर बंद कर’ असं काहीतरी सांगतील. चालेल.

तुझी,
मॅडम

ता. क. अभ्यासिकेवाला वर्षाची फी एकदम भरली तर दोन महिने माफ करतोय, भरू का, असं विचारलं आहेस. नको भरूस. महिन्या-महिन्याची भर, सवलत गेली तरी चालेल. आणि आयबीपीएसची ही जाहिरात गेली दोन-तीन वर्षं जुलै-ऑगस्टच्या सुमारास आली आहे, तेव्हा दहावीची सनद, पदवी प्रमाणपत्र आणि लागत असेल तर नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेव. तहसीलमध्ये ऐन वेळी रांग असते.