नातेवाइकाच्या रकान्यात कोणाचे नाव?

लग्न नाही, मूल नाही, आता आई-वडीलही गेले, तर म्हातारपणी माझे कोण करणार आणि 52व्या वर्षीच वृद्धाश्रमात नाव नोंदवून ठेवू का, असे आपण विचारले आहे. मी 71 वर्षांची, अविवाहित, निवृत्त शिक्षिका असून पुण्यात एकटीच राहते, त्यामुळे अनुभवाला आले तेवढेच सांगते.

आठ वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून माझे खुब्याचे हाड मोडले. शेजारच्या वहिनींनी रुग्णालयात नेले, तेव्हा तिथल्या कारकुनाने अर्जावरील 'नातेवाइकाचे नाव व नाते' या रकान्यावर पेन टेकवून आधी मुलगा कुठे आहे आणि मग यजमान कुठे आहेत असे विचारले. मी पूर्ण शुद्धीवर होते. शुद्धीवरील सज्ञान रुग्णाची स्वतःची संमती कायद्याने पुरेशी असते, तरीही तासभर मी स्ट्रेचरवर व्हरांड्यातच होते. शेवटी वहिनींनी स्वतःचे नाव लिहिले आणि नात्यापुढे 'शेजारी' असे लिहून सही केली. ते अक्षर मला अजून डोळ्यांसमोर दिसते. एकट्या माणसाने पहिली चिंता त्या रकान्याची करावी, पैशाची त्यानंतर, असे माझे तेव्हापासूनचे ठाम मत आहे.

ते नाव ऐनवेळी मिळत नाही. त्यासाठी रोजचा संबंध लागतो. माझ्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी असते. साडेसातपर्यंत ती आत गेली नाही तर वहिनी बेल वाजवतात आणि दार उघडले नाही तर त्यांच्याकडे दुसरी किल्ली आहे. दोनदा त्यांनी ती वापरली. एकदा मी नुसतीच गाढ झोपले होते, दुसऱ्यांदा मात्र तापाने ग्लानीत होते. मीही त्यांच्या नातवाचे गणित घेते, त्या गावाला गेल्या की त्यांच्या कुंड्यांना पाणी घालते. उपकाराखाली राहून असा आधार टिकत नाही, देणेघेणे दोन्हीकडून हवे. आपल्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान असे निदान दोघेजण तरी जोडून ठेवा, कारण समवयस्क मैत्रिणी आपल्याबरोबरच थकतात.

कागद मात्र आत्ताच करा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. तरी मी नोंदणी करून घेतली. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार अविवाहित स्त्रीची मालमत्ता आई-वडिलांकडे आणि ते हयात नसतील तर वडिलांच्या वारसांकडे जाते, मग तो भाऊ वीस वर्षे दारात आलेला नसला तरीही. बँकेत नॉमिनी, म्हणजे आपल्यामागे पैसे स्वीकारणारे नाव, लावला म्हणजे तो मालक झाला, हाही गैरसमज आहे. मुखत्यारपत्रावर, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणाऱ्या कागदावर, सगळी भिस्त ठेवू नका, कारण करून देणाऱ्याची बुद्धी चालेनाशी झाली की नेहमीचे मुखत्यारपत्र निरुपयोगी होते, आणि नेमकी तेव्हाच गरज असते. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम उपचार लांबवू नयेत, हे आगाऊ लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली. 2023 पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा आहे. त्यात आपल्या वतीने बोलणाऱ्याचे नाव घालता येते. माझ्या कागदावर वहिनींच्या सुनेचे आहे, अर्थात तिला विचारून.

अपत्य नसलेल्या ज्येष्ठाला, त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला मिळणार आहे अशा सज्ञान नातेवाइकाकडून निर्वाह मागण्याचा हक्क 2007च्या कायद्याने दिला आहे. तो माहीत असावा, परंतु हक्काने पैसे मिळतील, रात्री उशाशी बसणारे माणूस मिळणार नाही.

वृद्धाश्रमाबद्दल मनात अढी ठेवू नका, पण घाईही करू नका. पाय चालते आहेत तोवर दोन-तीन ठिकाणी पंधरा-पंधरा दिवस राहून पाहा, जेवणापेक्षा रात्रपाळीच्या बाया पाहा, आणि अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेता की घरी न्या म्हणता, हे तिथल्या व्यवस्थापकांकडून लेखी घ्या.