आजीला कुणी बसवलं?

प्रिय सई,

परवा गाडीत तू म्हणालीस, "एमाच्या आईच्या डोक्यावर हात ठेवून तिला चर्चची पाळक केली. आपल्यात बाईला असं कोण करतं? मराठीत त्याला शब्द काय?" मी "दीक्षा देणं" एवढंच म्हटलं. "म्हणजे तुलाही नीट माहीत नाही," तू म्हणालीस. लागलं गं ते.

शब्द बरोबर आहे. आपल्याकडचे ख्रिस्ती लोकही पाळकपदाची दीक्षा म्हणतात. पण मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात तो शब्द कुणाच्या तोंडी नसे. जैन शेजाऱ्यांकडची एक मुलगी घर सोडून साध्वी झाली, तेव्हा ऐकला तेवढाच. आमच्यात म्हणायचे, माळ घातली, अनुग्रह घेतला. म्हणजे अधिकार नव्हे, पथ्य. आजीनं माळ घातली आणि मटण सोडलं. कोल्हापुरात! रविवारी तांबडा-पांढरा सगळ्यांना करून घालायची आणि स्वतः कोपऱ्यात पिठलं-भाकरी खायची. "मी जेवलो गं," म्हणायची, कोल्हापुरी बायका म्हणतात तसं.

अधिकाराचा शब्द आबांकडून कळला: गादीवर बसवणं. ते मला भुदरगडात पाटगावला मौनी महाराजांच्या मठात घेऊन गेले होते. १८९९ साली पंचगंगेवर शाहू महाराजांच्या स्नानाला पुरोहितानं त्यांना क्षत्रिय न मानता, वेदातले मंत्र सोडून पुराणातले म्हटले, हे आबा काल घडल्यासारखं सांगायचे. मग १९२० साली महाराजांनी याच मठाच्या गादीवर सदाशिवराव बेनाडीकरांना क्षात्रजगद्गुरू, म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे धर्मगुरू, म्हणून बसवलं. मराठ्यांचे विधी मराठ्यांनी करावेत म्हणून वैदिक शाळाही काढली. सांगताना आबांचा आवाज भरून यायचा, आणि मलाही अजून त्याचा अभिमान आहे.

पण तुझ्या प्रश्नापुढे तो अपुरा पडतो. त्या गादीवरही बाई नव्हतीच. पुण्यात बायका पौरोहित्य शिकतात, लग्नं लावतात, हे मी मोठी झाल्यावर ऐकलं. आमच्या गल्लीत मात्र कुणी गेलं की रात्री हरिपाठ म्हणायला आजीलाच बोलवायचे, पुरुषसुद्धा. तिला कुणी बसवलं होतं, हे मी कधी विचारलंच नाही. तिची माळ तिच्याबरोबरच गेली.

तू माळ घाल असं मी म्हणणार नाही. एमाच्या आईला एकदा विचारशील, डोक्यावर हात ठेवले तेव्हा तिला काय वाटलं? मला ऐकायचंय.

तुझी,
आई